वहीतले चाळीस अंश

डॉ. रेहाना आतार मॅडमना मी प्रथम पाहिले ते बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. एक जुनी मोटर काउंटरवर ठेवून त्या दुकानदारालाच तिचा दोष समजावून देत होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी म्हणून रुजू झाले, तेव्हा ती मोटर चालू झालेली होती.

मॅडमचे संशोधन एन्झाइमवर होते. पाण्यात विरघळलेले एन्झाइम लवकर निकामी होते. मॅडम ते जेलच्या बारीक मण्यांत बसवीत. तिथे ते टिकते, पुन्हा पुन्हा वापरता येते. ज्या मुलांना दूध पचत नाही, त्यांच्यासाठी दुधातली साखर फोडणारे मणी त्यांना करायचे होते.

प्रकल्पाला अनुदान देणाऱ्या तज्ज्ञ समितीला दाखवायचे मणी वाळवण्याचे काम माझ्याकडे होते. ओव्हन चाळीस अंशांवर ठेवायचा. घाईत मी ऐंशीवर ठेवला. लक्षात आल्यावर काटा मागे घेतला आणि वहीत चाळीस लिहिले. तेवढ्या उष्णतेने एन्झाइम निकामी झाले होते; समितीसमोर मण्यांतून गेलेल्या दुधातली साखर तशीच राहिली. अध्यक्षांनी कारण विचारले.

"पद्धत माझी आहे. दोषही माझाच धरा," मॅडम म्हणाल्या.

मी शेजारी उभी होते; वहीतले चाळीस तसेच राहू दिले.

प्रकल्प बंद झाला. मॅडम पुढे निवृत्तीपर्यंत वाघोलीच्या एका महाविद्यालयात पदवीचे वर्ग घेत राहिल्या. माझ्या प्रबंधाचे पान न् पान मात्र त्यांनी बिबवेवाडीच्या घरी बसून तपासले, आणि जेवल्याशिवाय मला कधी जाऊ दिले नाही. तो प्रत्येक घास मला जड गेला.

गेल्या महिन्यात, मॅडमच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकातल्या या लेखासाठी त्यांना भेटले, तेव्हा अखेर सगळे सांगितले.

"चाळीसवर मणी पिवळे पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

मग बोलला का नाहीत, असे मी विचारले.

"बोलले असते तर तुझी पदवी गेली असती. नंतर तू आपणहून सांगशील असं वाटलं. प्रकल्पासाठी पुन्हा अर्ज करायचा होता गं मला. पण वहीत चाळीस लिहिलेलं, म्हणजे पद्धतच चुकीची ठरली. कशाच्या जोरावर करणार?"

हे छापू का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "छाप. बाकीचे सगळे कौतुकच करणार आहेत."

मला क्षमा केली का, हे विचारण्याचे धाडस त्या दिवशीही झाले नाही. मॅडम, पंचाहत्तरीनंतरची आपली पुष्कळ वर्षे निरोगी आणि आनंदाची जावोत. तेवढे विचारायला मी पुन्हा येणार आहे.