अर्धी गोळी

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. म्हणून आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, बीपीच्या गोळ्यांची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. शनिवारी बीडहून एसटीनं गावी पोचले की आधी मी गोळ्यांची पट्टी बघायचे. रोजची एक गोळी बरोबर संपत होती. तरी आबांना चक्कर यायची. गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई घरी येऊन बीपीचं मशीन लावायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "आबा, खरं सांगा, गोळी घेता ना?"

"घेतो की. पट्टी दावू का?"

एका शनिवारी शेळ्यांना पाणी पाजताना ते हौदापाशी पडले. कोपर खरचटलं, एवढ्यावर भागलं. मला वाटलं, गोळीच बदलायला पाहिजे. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी वहीत लिहून काढलं. मोठ्या माणसांसमोर माझी वाक्यं अर्धवट राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना बोलवायला गेले, तर ते शेजारच्या तात्यांच्या ओट्यावर बसलेले. दोघांनी जन्मभर एकाच रानात मेंढरं राखली. तात्यांची मुलं आणि सुना दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, नातवंडंही सोबत. घरात तात्या एकटे, त्यात गुडघा धरलेला. मी जवळ पोचले तेव्हा आबा नखानं गोळी मोडत होते. अर्धी त्यांनी तात्यांच्या तळहातावर ठेवली.

"घे बे. बघतो काय?"

"तुझी अर्धी बारकी दिसती."

"मोठी तूच खाय. म्हातारा तू जास्त हायस."

दोघं हसले. मी रडकुंडीला आले. "आबा, हे कावून करता? गोळी काय वाटून खायची असते?"

आबा ओशाळले. मग म्हणाले, "जोडीदार उपाशी असताना एकट्यानं भाकरीचं फडकं सोडायचं न्हाई, असं हाय आमचं रानात. ह्याच्या गोळ्या कवाच सरल्या. दवाखाना लई लांब, ह्याला नेणार कोण? मी एकटा कसा गिळू?"

अर्ध्या गोळीनं दोघांचंही भागत नाही, तात्यांना वेगळीच गोळी लागत असेल, असं मी समजावलं. आबांना पटलं. पण म्हणाले, "मंग ह्याची येऊ दी. तवर मी बी अर्धीच घेणार."

मी तशीच आशाताईंकडे गेले. वहीतलं काहीच कामाचं नव्हतं. "तात्यांचं... म्हणजे त्यांना कुणीच..." एवढंच जमलं. ताईंनी एकेक विचारून सगळं काढून घेतलं आणि त्या आधी आबांवर चिडल्या. मग त्यांनी आपली घरभेटींची यादी काढली. तात्यांच्या नावापुढे 'बाहेरगावी' लिहिलं होतं. मुलं टोळीबरोबर निघाली तेव्हा अख्खं घरच गेलं, असं धरलं गेलेलं.

मंगळवारी सकाळी ताई आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरना घेऊन तात्यांच्या घरी आल्या. मी कॉलेज बुडवून थांबले होते. आबांनी त्या दिवशीची गोळी अजून घेतली नव्हती. तात्यांचं बीपी आबांपेक्षाही जास्त निघालं. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला, त्यांना विचारून गोळ्या दिल्या, गुडघा दाबून बघितला. मग त्यांचं लक्ष थंड चुलीकडे गेलं.

"स्वयंपाक कोण करतं?"

"करतो की मीच. सकाळी भाकर केली तर सांजच्याला बी तीच," तात्या म्हणाले.

माझी आई दारात उभी होती. "आता न्हाई. दोन्ही वक्ताचं आमच्याकडून येईल," ती म्हणाली.

सिस्टर नवीन कार्ड भरत होत्या. "घरी लक्ष द्यायला कोण आहे?"



"मी हाय की," आबा म्हणाले.

"तुम्हालाच तर चक्कर येते, आबा."

आबांनी खिशातून पट्टी काढली. एक गोळी अख्खीच तोंडात टाकली आणि तात्यांच्या तांब्यातलं पाणी प्यायले.

"लिवा आता," ते म्हणाले.