नको म्हटल्यावर वाढलेलं तूप

भावजी, वैरागच्या स्टँडवर एस.टी. सुटायच्या बेतात होती, तेव्हा तुमच्या आईंनी ह्यांच्या, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाच्या, मांडीवर तुपाची किटली ठेवली. "सोलापुरात असलं न्हाय मिळायचं. खा की पोटभर." तुम्ही टपावर आमची ट्रंक बांधत होता. तेव्हा तुम्ही सगळे मला आवडायचात.

सोलापुरात ह्यांना गिरणीच्या ऑफिसात खुर्ची मिळाली आणि खुर्चीबरोबर पोट. काही वर्षांनी उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. डॉक्टरांनी बोटांनी दाबून पाहिलं, रक्त तपासलं. लिव्हर वाढलंय, चरबी साठली असावी, म्हणाले. पहिला प्रश्न दारूचा. हे सुपारीही न खाणारे. डॉक्टरांनी विश्वास ठेवला. "दारूशिवायही होतं. गोड, तूप, तळण बंद. रोज चाला. दर महिन्याला दाखवून जा."

हे पहाटे तलावापर्यंत चालत जाऊ लागले. कमरेच्या पट्ट्याला आत नवं भोक पाडावं लागलं. "उतरतंय," डॉक्टर म्हणाले, "आता सोडू नका."

मग तुमच्या मुलीचं लग्न आलं. पंगतीत हुग्गीवर, आपल्या त्या गव्हाच्या खिरीवर, तुम्ही तूप धरलंत. ह्यांनी पानावर हात आडवा ठेवला, आजार सांगितला.

"लिवर व्हय? लिवर कुणाचं बिघडतं ते आमाला ठावं हाय की!"

पंगत हसली. "पीत न्हाईस तर घे लिंग हातात," तुम्ही म्हणालात. ह्यांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन शपथ वाहिली.

"मग दवाखाना कशाला? काढ हात."

हात निघाला. ह्यांनी सगळं खाल्लं.

त्यानंतर हे दवाखान्याची पायरी चढले नाहीत. "गावच्या कुणी पाहिलं तर शपथ खोटी ठरेल," म्हणायचे. मी भांडले, अबोला धरला. चालणंही सुटलं. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, तेव्हा मीच टांग्यात घालून नेलं. "मधे का थांबलात?" डॉक्टरांनी विचारलं.

ह्यांना माती द्यायला तुम्ही आलात. मी पाठीमागेच होते, तुम्हाला माहीत नव्हतं. "चोरून घेत असणार," तुम्ही कुणाला तरी म्हणालात.

आता निरोप धाडता, "एकलीनं तितं कशाला ऱ्हातीस? आपल्या घरी ये."

येणार नाही. पहाटे मी तलावापर्यंत जाऊन येते. सणाला शेजारची तेलुगू विणकरीण गोडाचं ताट आणते. मी नको म्हटलं की ताट परत नेते, का म्हणून विचारत नाही. मला तेवढं घर पुरतं.