पुढं, मागं, सोड

बॉल बॅडमिंटनमध्ये एका बाजूला पाच जण खेळतात आणि मी कायम पाचवाच राहिलो. मागचा डावा कोपरा माझा. पिवळ्या लोकरीचा चेंडू, लाकडी रॅकेट आणि कावेरीवरून येणारा वारा यांत माझी तरणी वर्षं गेली. तंजावूर, पापनाशम, तिरुवैयारु, जिथं स्पर्धा असेल तिथं आमची टीम हजर. उजव्या कोपऱ्यात माझा थोरला भाऊ असे. आम्ही दोघं एकमेकांना मराठीतून ओरडून सांगायचो. समोरच्या तमिळ मंडळींना त्यातलं काही कळत नसे, म्हणून आम्ही स्वतःला फार हुशार समजायचो.

जिल्ह्याच्या टीमची निवड होती त्या दिवशी शेवटचा चेंडू भावाकडं गेला आणि मी ओरडलो, "घे." त्यानं घेतला आणि जाळीत मारला. सोडला असता तर तो चेंडू हातभर बाहेर पडला असता. आम्ही दोघंही घरी आलो ते निवड न होताच. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. मी मात्र दोन दिवस जेवलो नाही, त्यावरून आईनं आम्हा दोघांनाही धारेवर धरलं. पुढं भाऊ नोकरीसाठी मद्रासला गेला, मी पापनाशमच्या तालुका कचेरीत चिकटलो आणि रॅकेट कपाटावर गेली.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका मुलींच्या शाळेनं मला बोलावलं. त्यांच्याकडं एक कोर्ट होतं, पाच उत्साही मुली होत्या आणि शिकवायला कोणी नव्हतं. हेडमिस्ट्रेसबाईंना त्या जागेवर शिवणवर्गाची शेड बांधायची होती. त्यांनी साफ सांगितलं की यंदा जिल्ह्याचा कप आला तर कोर्ट राहील, नाहीतर शेड. बाई वाईट नव्हत्या, पण एकदा बोलल्या की बोलल्या.

रोज सकाळी कचेरीला जायच्या माझ्या पापनाशमच्या गाडीआधी तासभर आम्ही खेळायचो. पाचही मुली तमिळ घरांतल्या. दावणीचा, म्हणजे परकरावरच्या अर्ध्या साडीचा, पदर कमरेला घट्ट खोचून त्या कोर्टावर उतरत. मी जुनी युक्ती बाहेर काढली आणि त्यांना चार मराठी शब्द शिकवले: पुढं, मागं, घे, सोड. आठवड्याभरात त्या आपसांतही तेच ओरडू लागल्या. घरी मी मराठीत हाक मारली की माझी स्वतःची मुलं तमिळमध्ये ओ देत. इथं मात्र माझ्या आईची भाषा सकाळी सहाला साऱ्या गल्लीला ऐकू जाई. मला त्याचं इतकं सुख वाटे की एकदोनदा माझी गाडीही चुकली.

माझा स्वभाव तापट. एक चेंडू चुकला की मी असा ओरडे की शाळेच्या चिंचेवरचे कावळे उडून जात. सामन्यात बाहेरून सूचना द्यायला बंदी होती, पण पंचांना मराठी येत नसे. हा गृहस्थ आपल्याशीच बडबडतो, अशी त्यांची समजूत होती आणि मी ती मोडली नाही. चेंडू कुठं टाकायचा ते मी सर्व्हिसआधीच सांगून टाकी. असं करत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो.

तिथं समोरच्या टीमची कोच एक वयस्क बाई होती. नऊवारी नेसलेली, हातात ताडाचा पंखा. मी "पुढं" म्हटलं की तिच्या मुली आधीच जाळीपाशी. मी "मागं" म्हटलं की त्या मागं सरकलेल्या. पहिला गेम आम्ही सपशेल हरलो. मधल्या वेळात बाई पाण्याच्या हंड्यापाशी आली आणि जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "राव, आवाज तुमचा खणखणीत आहे. पण तुम्ही बोलतां तें मज सारें समजतें."

ती आमच्याच राजवाड्याच्या गल्लीत जन्मलेली, कुंभकोणमला दिलेली निघाली. पंखा वर केला की मुलींनी मागं जायचं, खाली केला की पुढं, एवढी तिची सोपी तऱ्हा. माझ्या डोळ्यांपुढं शेड दिसायला लागली, तिच्यातल्या शिवणयंत्रांसकट.

मी मुलींना सगळं खरं सांगितलं आणि आता काय करावं ते मला सुचत नाही, हेही सांगितलं. कॅप्टन सोळा वर्षांची होती. तिनं रिबन घट्ट बांधली आणि म्हणाली, "सार, नींग सुम्मा इरुंग." तुम्ही गप्प बसा. आम्ही चेंडू आल्यावर बोलू, तेवढ्यात त्यांना पंखा बघायला वेळच मिळणार नाही.

मी खांद्यावरचा टॉवेल दातांत धरला. जन्मात मला इतकं अवघड काही वाटलेलं नाही. दुसरा गेम आम्ही जिंकलो. गेम एकोणतीसचा असे. तिसऱ्यात अठ्ठावीस-सत्तावीस आम्ही पुढं होतो, तेव्हा समोरून एक उंच चेंडू आमच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडं आला. तो माझाच कोपरा. चेंडू आत पडणार, याची मला खात्री होती. "घे" माझ्या घशापर्यंत आलं आणि टॉवेलात अडकलं.

"सोड," कॅप्टन म्हणाली.

कोपऱ्यातल्या मुलीनं रॅकेट खाली घेतली. चेंडू रेषेच्या वीतभर बाहेर पडला.

मुली काय नाचल्या ते मला धड दिसलं नाही, कारण टॉवेल तोंडातून डोळ्यांवर गेला होता. पंखेवाली बाई मुद्दाम येऊन म्हणाली, "तुमच्या पोरी मराठी बरवी बोलतात हो." मी तिला हात जोडले. कोर्ट राहिलं आणि शिवणवर्ग व्हरांड्यात भरू लागला.

मी मद्रासला भावाला सविस्तर पत्र लिहिलं. मी पुन्हा "घे"च म्हणणार होतो, हेही लपवलं नाही. चार दिवसांनी त्याचं पोस्टकार्ड आलं. आमच्या घरच्या रीतीनं, तमिळ अक्षरांत लिहिलेली मराठी. एकच ओळ होती: "आता तरी पोटभर जेव."