बोटभर घरांचा गवंडी

बांधकाम संपलं की विटांचे तुकडे उरतात. काम संपल्यावर किस्सेही तसेच उरतात. आमच्या सोलापुरातल्या छोट्या रेल्वेच्या क्लबात बांधकाम कमी आणि तुकडे जास्त. आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक तुकडे माझ्याच हातचे!

मी गवंडी. शाळा बांधल्या पुष्कळ, शिकलो एकीतही नाही. हात थकले तेव्हा क्लबाचे जोशी सर म्हणाले, "मिस्त्री, आमच्याकडं या. टेबलावर खेळातली रेल्वे धावते, तिच्या कडेनं गाव बांधायचंय."

मला वाटलं, बारकं काम, लवकर उरकेल!

पहिलं घर मी चांगलं ऐसपैस बांधलं. सरांनी बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा माणूस दारात उभा केला. तो उंबऱ्यालाच अडला!

"मिस्त्री," सर म्हणाले, "याला घरात जायला शिडी लागेल."

घरी सांगितलं, तर कारभारीण म्हणाली, "म्हातारपणी भातुकली! धड एक घर हुबं राहू द्या, मग येते बघाय."

ते मी मनावर घेतलं. माझी कामं कधी अक्कलकोटला, कधी करमाळ्याला, घरी ती एकटीच. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली, पण तिला त्यातलं एकही दाखवायला नेलं नव्हतं. हे दाखवायचंच!

मग स्टेशन घेतलं. इमारतीचं तोंड पूर्वेला, हे माझ्या हाडात बसलेलं. तसंच केलं. दारासमोर अंगण केलं, अंगणात प्रवासी घट्ट चिकटवले. रूळ निघाले पश्चिमेला!

आमचे वायरिंगवाले इस्माईलभाई यांनी गाडी सोडली आणि ओरडले, "मिस्त्री, गाडी पीछे से जारी, और तुम्हारे लोगां आंगन में खडे हैं!"

कारभारीण म्हणाली, "न्हाय येत."

पुढं पूल. त्याला प्लास्टर केलं. आता प्लास्टर केलं की पाणी मारायचं, हे मला झोपेतसुद्धा चुकत नाही. सकाळ-संध्याकाळ मगानं पाणी मारलं. खालचं प्लायवूड फुगलं, मधोमध उंटासारखं कुबड वर आलं. इस्माईलभाईंनी धावत येऊन प्लग ओढला.

सरांनी वाकून पुलाखाली बघितलं. "पूल झाला," ते म्हणाले, "आता नदीही आली!"

ज्वारीच्या शेताला डिंक पुरला नाही, म्हणून कणकेची खळ केली. बैलही कणकेचेच वळले. सकाळी बघतो तर शेत साफ! उंदरांनी सुगी उरकली आणि बैलजोडीही नेली!

त्या दिवशी मात्र कारभारीण पदर तोंडाला लावून हसली. "उंदरांस्नी तरी आवडलं की तुमचं काम!"

क्लबाचं प्रदर्शन तोंडावर आलं, तेव्हा मी एकच घर बांधलं. पाणी मारलं नाही, खळ लावली नाही, पूर्व कुठं ते विचारलंही नाही. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं तुळस. दारात हिरव्या लुगड्यातली बाई.

प्रदर्शनाला कारभारीण आली. चष्मा सावरून टेबलावर वाकली. गाडी घरासमोरून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली.

"ह्ये आपलं घर हाय," ती म्हणाली.

"व्हय."

"सरळ हुबं हाय की."

"व्हय."

"आन् दारात मी?"

"तूच."

"लई जाड केलीया!" मग तिनं घरामागं बघितलं, झाडाखाली बघितलं, पार स्टेशनापर्यंत बघितलं. "आन् तुमी कुटं हाय?"

"मी कामावर गेलोय की."

तिनं चष्मा काढला.

"हितं बी?"