जाफन्यात मांडलेली दोन पानं

मी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर दिसत नाही ते नाही — इतकी मी सरळ. भुताखेताचं सांगणाऱ्यांना तोंडावर हसलेली आहे. आता तुम्ही मला हसा.

मागच्या फेब्रुवारीत बाबांना घेऊन श्रीलंकेत जाफन्याला गेले. बाबा रिटायर्ड फौजी, भारतीय शांतिसेनेत असताना तिथे लढलेले. विमानात त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं — त्यांचा पलटणीतला जोडीदार वामन तिथल्या एका अंगणात गोळी लागून पडला होता. मागे फिरायचा हुकूम आला आणि बाबा त्याला तिथेच ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर वामन संपलेला.

"मी उठलो तवा त्याच्यात जीव होता का नाही, हेच मले माहीत नाही वं."

एवढी वर्षं हे पोटात घेऊन जगला माणूस…

सकाळी किल्ला पाहिला. टुरिस्ट सेल्फी काढत होते, आणि जरा बाहेर पडलं की छप्पर उडालेली घरं, भिंतींना गोळ्यांची भोकं. बाराच्या सुमारास बाबांनी अचानक ड्रायव्हरला हाताने एक गल्ली दाखवली, वामन पडला होता ती. तिकडे जायचंय हे तोवर मलाही माहीत नव्हतं.

गल्लीतल्या एका घराच्या फाटकात सत्तरीची तमिळ बाई उभी होती. तिने आम्हाला आत बोलावलं. ओसरीवर केळीची दोन पानं मांडलेली, गरम भात वाढलेला.

तिचं तमिळ ड्रायव्हर इंग्रजीत सांगायचा, मी बाबांना मराठीत. सकाळी एक माणूस येऊन गेला म्हणे. दुपारी बाप-लेक येतील, त्यांना जेवू घाल. बापाला वांगं वाढू नको, अंगावर पित्त उठतं.

बाबांना वांगं खरंच सोसत नाही. वांग्याचं आम्ही तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"दिसायले कसा होता, विचार तिले," बाबा म्हणाले.

तरुण. डाव्या कानाची पाळी फाटलेली. तमिळ अगदी इथल्यासारखं बोलला.

बाबांनी स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. "वामनच्या कानाले लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं… पण त्याले तं तमिळचा एक शब्द येत नव्हता."

मग बाई म्हणाली, निरोपही आहे. ड्रायव्हरने सांगितला, पण माझ्या तोंडून निघेना.

"सांग ना वं."

"तो म्हणाला — तू उठलास त्याच्या आधीच मी गेलो होतो."

बाबा ओक्साबोक्शी रडले. मग पानावर बसले आणि सगळा भात जेवले.

बेसाला घरी आल्यापासून मी डोकं फोडून राहिली आहे. ड्रायव्हरला आम्ही फक्त किल्ला सांगितला होता. वामनचं नाव तर मीच आदल्या दिवशी ऐकलं. कुठूनच काही जुळत नाही… परवा पुन्हा विषय काढला तर बाबा वैतागले.

"मले उत्तर भेटलं. तू काहून शोधून राहिली?"