गोदूबाईच्या दारातला रोगी

कासू स्टेशनावर पिवळ्या डोळ्यांचा माणूस उतरला, की रिक्षावाला पत्ता विचारत नसे. सरळ गोदूबाईच्या अंगणात नेऊन सोडी. सासूने मरताना काविळीची मुळी तिच्या हवाली केली होती आणि बजावलं होतं की पैसा घ्यायचा नाही, रविवारी सकाळी अनशापोटीच औषध द्यायचं आणि मागणाऱ्याला परतवायचं नाही. एकाला जरी परतवलं, तर हाताचा गुण गेलाच म्हणून समज. गोदूबाई मुळी ताकात उगाळून वाटी पुढे करी. बरीचशी कावीळ आपली आपण उतरते, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत बापडे. बरे झालेले लोक नारळ घेऊन तिच्याकडेच यायचे.

तिचा नवरा काळुराम मिठागरावर रापलेला गडी. चांगल्या ताकाची नासाडी करते, म्हणून तो जन्मभर तिची टिंगल करत आला. शेवटी तोच पिवळा पडला. ताप नाही, दुखणं नाही, नुसती अंगाला खाज. घरात गंगा असताना बाहेर कशाला जायचं? गोदूबाईने दोन महिने त्याला औषध पाजलं. पिवळेपणा वाढतच गेला, तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून मुंबईला धाडलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. गाठ मोठ्या शिरेला वेढून बसलेली, काढता येण्यासारखी नव्हती. पित्त वाहायला आत नळी बसवली आणि डोळे पांढरे झाले. आधी का आणलं नाही, असं तिला कुणी विचारलं नाही. ते ती स्वतःलाच रोज विचारी.

त्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं की गुण येईलच असं नाही, आणि नको वाटलं तर केव्हाही सोडता येईल. मात्र झाडपाला अजिबात पोटात जायला नको. त्याने यकृत बिघडेल, आणि काय कशाने झालं ते कळणार नाही, मग चाचणीतून काढावं लागेल. काळुरामने सही केली. चाचणीची सिस्टर अधूनमधून फोन करी. तो जेवतो का, झोपतो का, हे विचारून झाल्यावर एकदा तिने विचारलं, तुम्ही जेवलात का? इतक्या दिवसांत गोदूबाई पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

मग एका शनिवारी त्याच्या डोळ्यांत पुन्हा पिवळं दिसलं. सिस्टरला कळवू या, म्हणून ती पाठीस लागली. तो ऐकेना. त्याला बायकोचं औषध हवं होतं. तिने विषय टाळला.

रविवारी ती वाट्या घेऊन बाहेर आली. अंगणात निडीहून आलेला एक तरुण होता, आणि त्याच्या मागे धुतलेला सदरा घालून, हात जोडून काळुराम उभा होता.

"बाई, कावीळ झालीय. औषद द्या."

चेष्टा करतोय, असं तिला क्षणभर वाटलं. तो करत नव्हता.

"तुमाला नाय मिलनार," ती म्हणाली.

"मागनाऱ्याला परतवतेस? हाताचा गुन जाईल गो."

"जाऊ दे."

तिने ताक जमिनीवर ओतलं. निडीच्या तरुणालाही औषध मिळणार नसल्याचं सांगितलं आणि आजच्या आज पेणच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घे म्हणून बजावलं. तो गोंधळून निघून गेला. मग तिने सिस्टरला फोन लावला. नळी तुंबली असेल, लगेच घेऊन या, म्हणून सिस्टरने सांगितलं.

गोदूबाईने पिशवी भरली, दाराला कडी घातली. काळुराम अजून अंगणातच होता, परक्यासारखा. बायकोची इतकी थट्टा करत आलेल्या त्या माणसाचा शेवटचा भरवसा त्या वाटीवर होता, आणि तो तिनेच मोडला होता.

"मंग आता कुनाच्या हाताला गुन हाय गो?" त्याने विचारलं.

"ठावं नाय," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून चालू लागली.