दोन सुरांची जागा

बाबीदा गेला हे मला राजूने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मुलुंडच्या एका हॉलमध्ये माईक हातात घेऊन नवरदेवाच्या मामांना स्टेजवर बोलावत होतो. निवेदन हा माझा धंदा. साखरपुडे, बारशी, साठी-शांती, सगळीकडे बडबडतो. मामा अंगठीची डबी घरी विसरून आले होते आणि मी विनोद करून वेळ काढत होतो. फोन वाजला, मी माईक बगलेत धरला आणि राजू म्हणाला, “दिनू, बाबीदा गेला रे. सकाळी, झोपेतच.” मी म्हणालो, “आता रडायला फोन केलास का?” बगलेतल्या माईकमधून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मामांना वाटलं, त्यांनाच म्हणतोय.

त्याला दीड महिना झाला. राग उतरेल म्हणून लिहायचा थांबलो होतो. उतरलेला नाही, तेव्हा आता लिहितोच.

बाबीदा भांडुपचा. वडील गिरणीत होते, घर मूळचं मालवणकडचं, आणि तिथली बोली त्याने मुंबईत शेवटपर्यंत सोडली नाही. आमच्याकडच्या बेंजो पार्ट्या तुम्ही हळदीला, गणपतीला ऐकल्या असतील. तो बेंजो मांडीवर ठेवून वाजवतात. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पुढचा बेंजो गाण्याची चाल वाजवतो आणि लोक त्याच्यावर नोटा ओवाळतात. मागचा बेंजो ठेका धरतो, गाणारा थांबला की रिकाम्या जागेत दोन सूर टाकतो, आणि त्याचं नाव कोणालाच ठाऊक नसतं. बाबीदा चाळीसेक वर्षं मागचा बेंजो होता. पुढे राजू, पार्टीही त्याचीच. राजूला बटणं दाबायला शिकवलं तेही बाबीदानेच.

मला अर्थातच पुढचं वाजवायचं होतं. पंचेचाळिशीत हौस आली होती. बाबीदाने पहिले तीन महिने मला एक गाणं शिकवलं नाही. तो खुर्चीत बसून पेपर मोठ्याने वाचायचा... अग्रलेख, पाणीकपात, निधनवार्ता, काय हाती लागेल ते. मी नुसता ठेका धरायचा आणि तो श्वास घ्यायला थांबला की तेवढ्यात दोन सूर टाकायचे. तीन टाकले की पेपर खाली. “गाणारो श्वास घेता तेवढीच जागा तुझी. बाकी घर तेचा.” मी म्हणायचो, “अरे, पण दोन सुरांत मी दाखवू काय?” तो म्हणायचा, “दाखवूचा नाय. असूचा.” वहिनी आतून ओरडायच्या, “अहो, निधनवार्तांवर तरी वाजवू नका!”

जुहूच्या कोळीवाड्यात एका हळदीला त्याने मला पहिल्यांदा शेजारी बसवलं. आवाज असा की स्वतःचं नाव ऐकू येऊ नये. मी सुटलो! गाणाऱ्या बाईच्या ओळीवर ओळ, ठेक्यावर ठेका, मान हलतेय, घाम गळतोय, समोर नाचणारी पोरं माझ्याचकडे बघतायत अशी माझी खात्री. अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठलो तर माझ्या बेंजोची वायर बाबीदाच्या पायाखाली. दुसऱ्याच गाण्याला त्याने ती काढली होती. “झकास वाजवलंस,” तो म्हणाला, “कोणाक त्रास झालो नाय.” पुढे खूप दिवस मी ही गोष्ट स्टेजवरून सांगून हशे मिळवले. तो समोर असला तर सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा.

आणि अशा माणसाला राजूने काढलं. एक मशीन आणलं, त्यात मागचं सगळं तयार भरलेलं. बटण दाबलं की ठेका, बटण दाबलं की सूर. बाबीदाला हे कळवलं मेसेजने, एका हळदीच्या दिवशीच. मी त्याला न्यायला गेलो तेव्हा तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बेंजोची पेटी मांडीवर घेऊन दाराशी बसला होता. मोबाइल माझ्याकडे करून म्हणाला, “चष्मो नाय. वाच जरा.” मी वाचलं. म्हटलं, “चल, आत्ता जाऊ, सगळ्यांसमोर त्याची वाट लावतो.” तो शर्टाची बटणं काढत म्हणाला, “पुढे तो आसा. मागच्यान भांडूचा नसता.”

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. राजूपेक्षाही. अरे, भांडायचं होतंस! चाळीस वर्षं दुसऱ्याच्या श्वासाची काळजी घेतलीस, एकदा स्वतःसाठी ओरडला असतास तर कोणता ताल तुटणार होता? आठ महिने घरात बसलास. मी आलो की पेपर वाचायचास, मी दोन सूर टाकायचो, आणि राजूचं नाव काढलं की तू नाटकांच्या जाहिरातींकडे वळायचास...

शोकसभेत राजू बोलला. “ते माझे गुरू,” वगैरे. मग पार्टीने एक गाणं धरलं. गाणारी बाई दुसऱ्या ओळीला गहिवरली, थांबली. मशीन थांबलं नाही. बाई पदराने डोळे पुसतेय, आणि ते आपलं ठेका देतंय, भलत्याच जागी सूर टाकतंय, जसं लग्न लागलंय. मी उभा राहून ओरडलो, “बंद करा ते!” राजूला बटण सापडेना.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी त्याला ‘हॅलो’सुद्धा म्हणू दिलं नाही. दीड महिन्याचं साठलेलं सगळं बाहेर काढलं... मेसेज, मशीन, गुरू, सगळं. तो मध्ये आला नाही. मी श्वास घ्यायला थांबलो की तेवढ्यापुरतं “हो रे” म्हणायचा, पुन्हा गप्प. पाच-सहा वेळा असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी आणखी भडकलो. हे त्याला कोणी शिकवलं ते मला माहीत होतं ना!

शेवटी तो म्हणाला, “मशीन नाही आणत यापुढे. शुक्रवारी कांजूरला हळद आहे. मागे बसशील?”

“तुझ्यासाठी नाही,” मी म्हटलं.

“माहितीय.”

शुक्रवारी गेलो. राजूच्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर खुर्ची मांडलेली होती. राग घेऊनच बसलो. एक ठेका मागेपुढे केला असता तर शेदोनशे माणसांसमोर राजू तोंडावर आपटला असता, आणि माझं नाव कोणी घेतलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

बाईने पहिली ओळ संपवली. श्वास घेतला. मी दोन सूर टाकले.

राजूने मागे वळून पाहिलं नाही.